पाच वाजताचा डाव

१२ जानेवारी

दादा,

पोचले त्याला दहा दिवस झाले. दोन दिवसांच्या प्रवासाने कंबरेचा पार भुगा झाला, आणि खोलीत पाऊल टाकलं तो नळाला पाणी नव्हतं. असो.

फोन केला असता, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं. आईला तर फोनचा उपयोगच नाही. चार वर्षांपूर्वी कान गेले तेव्हापासून ती फोन कानाला लावून नुसतं "हो, हो" म्हणते. तोंड दाखवणारा फोनही करून झाला. ती पडद्यावरच्या मला "बसा" म्हणाली आणि चहा ठेवायला उठून गेली. तेव्हा पत्र. कागदावर भांडायला कष्ट पडतात, माणूस आधीच दमतो.

आता कामाचं. आईच्या फोनवर मी तो आकड्यांचा खेळ घालून ठेवलाय. तू नाक मुरडलंस ते मी पाहिलं. पण आठवलं तरच ती आपणहून खेळते, म्हणून रोज पाच वाजता तिच्या हातात फोन दे, एवढंच कर. चार बाय चार चौकटी असतात. दोनाला दोन भेटले की चार, चाराला चार भेटले की आठ, असं सरकवत जायचं. जागा संपली की डाव संपला. त्या दिवशी तिला जो डाव येतो तोच मला इथे येतो, आणि दोघींचे गुण, म्हणजे गाठलेला सगळ्यात मोठा आकडा, एकाखाली एक दिसतात, आईचं नाव शाळेतलं "बाई" आणि माझं "टिंगी". प्रयोगशाळेतली माझी पाळी पाचला संपते. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून मी खेळते. तिचे गुण आले की मला कळतं, आज ती बरी आहे.

गुणांच्या शेजारी फुलाचं चित्र असतं, ते दाबलं की समोरच्याला फूल जातं. परवा मी अगदीच धडाधड आपटले, तर लगेच दोन फुलं आली. बाकावर एकटीच हसत बसले होते. शेजारणीला वाटलं, माझं कुणाशी जमलं की काय.

टिंगी


२ फेब्रुवारी

टिंगे,

पत्र मिळालं. रोज पाचला दुकानाला अर्धा तास कुलूप लावून घरी येतो आणि आईच्या हातात फोन देतो. गिऱ्हाईकं विचारतात, घड्याळवाले, तुमचंच घड्याळ पुढे आहे का.

खेळते. चष्मा कपाळावर चढवून, ओठ मुडपून, पेपर तपासायची तशी. सगळ्यात मोठा आकडा डाव्या कोपऱ्यात बसवते आणि हलवत नाही. मी मध्ये बोट घातलं तर हातावर चापट बसली. परवा मी पाटीवर लिहून विचारलं, यात गणित आहे का गं. तर म्हणाली, "गणित कसलं, आवराआवर आहे. पण ज्याला आवराआवर जमते त्याला पुढे गणित जमतं." तेहतीस वर्षं सहावी-सातवीला शिकवल्याचा आवाज होता तो. मला फार बरं वाटलं.

बाकीचं असं नाही. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला. गॅस दोनदा चालू राहिला. मला दोन वेळा मामाच्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणाले, "माणसं अजून काही महिने ओळखतील. वर्ष म्हणू नका." मी त्यांना म्हटलं, बहीण लांब असते. ते म्हणाले, "मग लवकर बोलवा."

म्हणून लिहितो. मार्चमध्ये ये. तुझं नाव रोज निघतं. पाच वाजले की म्हणते, टिंगी कुठे राहिली, शाळा सुटली ना. तू चाळीस वर्षांची घोडी झालीयस हे तिला कोण सांगणार? पण ती वाट तुझी बघते. आत्ता ये.

दादा


२८ मार्च

दादा,

मार्च गेला, मला माहीत आहे. ओरडू नकोस. वरिष्ठ तंत्रज्ञाची परीक्षा मे महिन्यात आहे, आणि आमच्याकडे दोघी एकदम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. दिवसभर काचपट्टीवरच्या पांढऱ्या पेशी मोजते. डोळे मिटले तरी त्याच पोहत असतात.

पण तू डॉक्टरांचं फार मनावर घेऊ नकोस. आईचे गुण बघतोयस ना? गेल्या पंधरा दिवसांत तिने चार वेळा दोन हजारांची चौकट गाठली. फेब्रुवारीत बिचारी पाचशेवर अडकायची. मला रोज हरवते. आणि जिंकली की फुलं, जिंकली की फुलं. म्हातारपणी बाई उदार झाल्यात.

आमच्याकडे रक्त द्यायला आलेल्या लोकांसाठी मासिकं ठेवतात. त्यातल्या एकात लेख आलाय, की अशा कोड्यांनी मेंदूला व्यायाम होतो आणि विसरणं लांबतं. मी तो आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "खेळून खेळून माणूस त्या खेळात हुशार होतो, पुढचं मला विचारू नका." त्यांचा स्वभावच तसा आहे. त्या वाढदिवसाच्या केकातही खोट काढतात.

पान फाडून सोबत पाठवतेय. जूनमध्ये येते, नक्की.

टिंगी


२२ एप्रिल

टिंगे,

लेख वाचला. आई ठीक आहे. दुकानात काम बरंच आहे. हल्ली लोक जुनी चावीची घड्याळं काढून आणतात, आजोबांचं, पणजोबांचं. चालू केलं की कानाला लावून बघतात.

परीक्षा नीट दे. घाई करू नकोस. सवडीने ये.

दादा


३० जून

दादा,

पास झाले. शंभरात एक्याण्णव. मला गणितात कधी पस्तीसच्या वर बघितलं होतंस? आईला सांग. पाटीवर मोठ्या अक्षरात लिही.

आता वाईट बातमी. नवी जागा मिळाली म्हणजे सहा महिने रजा नाही. म्हणजे डिसेंबर. फार तर ऑक्टोबरात चार दिवस बघते. तू काही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. हल्ली तू काहीच म्हणत नाहीस. एप्रिलचं तुझं पत्र तर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढं होतं.

मागच्या गुरुवारी आईचे गुण आलेच नाहीत. साडेपाच झाले, सहा झाले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, अगं तुझ्या भावाला ताप आहे, आई बसलीय खिडकीत. मग सात वाजता गुण आले. दोन हजार अठ्ठेचाळीस. आणि दोन फुलं.

तुला बरं नव्हतं तर मला का कळवलं नाहीस? औषध घे. वाफ घे. अंगावर काढू नकोस.

टिंगी


१९ ऑगस्ट

टिंगे,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली. आता सरळ लिहितो.

आई खेळत नाही. ९ मार्चपासून मी खेळतोय.

त्या दिवशी पाचला नेहमीसारखा फोन दिला. तिने बराच वेळ नुसतं बघितलं. मग चाराच्या चौकटीवर बोट ठेवून मला विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी चार बोटं दाखवली. ती म्हणाली, "हो, पण चार म्हणजे किती?" टिंगे, तिने हे विचारलं. आपल्या आईने. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे उभा राहिलो. तिला काही ऐकू येत नाही, तरी नळ सोडला.

बाहेर आलो तर फोन तसाच पडलेला. तुझे गुण आलेले होते. तू बाकावर बसून बघत असशील असं मनात आलं. तुझी परीक्षा होती. म्हटलं, एक दिवस आपण खेळू. म्हणून खेळलो. जिंकलो तर तुला आनंद व्हावा म्हणून दोन फुलंही पाठवली, तू लिहिलं होतंस तशी.

एक दिवसाचे किती झाले ते तुला दिसतंच आहे. आणि नुसतं तुझ्यासाठी खेळलो असं म्हणालो तर तेही खोटं होईल. मला नाद लागला. पाचचा डाव झाला की दुसरा, मग तिसरा. डोळ्याला भिंग लावलेलं असायचं तसंच, समोर कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं, आणि मी बोटाने आकडे सरकवतोय. एका गिऱ्हाईकाला सेकंदकाटा न बसवताच घड्याळ परत दिलं. घरात रोज काहीतरी सुटत चाललं होतं, आणि तिथे दोनाला दोन लावले की चार व्हायचे. हमखास व्हायचे. एवढ्यासाठी माणूस बसून राहतो, मला आधी खरं वाटलं नसतं.

आता जे सांगायचंय ते. १२ ऑगस्टला मी खिडकीपाशी खेळत होतो आणि आई दार उघडून निघून गेली. मला कळलं नाही. डाव रंगात आला होता. दोन तासांनी जुन्या शाळेच्या फाटकापाशी सापडली. अनवाणी होती. पाय सोलले होते. शिपायाला सांगत होती, घंटा झाली, मला आत सोडा. तिचे पाय धुताना मी रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घड्याळवाले, तुम्ही का रडता?"

मला ती आता घड्याळवालेच म्हणते. अहो-जाहो करते. तिला चौकटीची वही आणि लाल पेन्सिल दिली की दुपारभर तपासत बसते, कोऱ्या पानांवर बरोबरच्या खुणा करते. जुलैच्या शेवटापर्यंत तुझा फोटो बघून टिंगी म्हणायची. या महिन्यात म्हटलेलं नाही.

मी तुला फेब्रुवारीत बोलावलं होतं आणि एप्रिलमध्ये मीच सवडीने ये म्हणून लिहिलं. तुला यायचं होतं, आणि माझ्या खेळामुळे तू निवांत राहिलीस. तुझे ते महिने मी खाल्ले. शिव्या घाल, पण ये.

दादा


११ सप्टेंबर

दादा,

तीन आठवडे लागले. तुझा राग आला म्हणून नाही. तुझं पत्र वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की पेन उचलवेना.

तू गणितात कधी नापास झाला नाहीस. तुझ्या पेपरावर आईने बरोबरच्या खुणांखेरीज काही काढलं नाही, म्हणून तुला हे माहीतच नसणार. माझे पेपर तिच्याच वर्गातले, तिनेच तपासलेले. जिथे उत्तर चुकायचं तिथे ती लाल पेन्सिलीने दोन फुलं काढायची. नुसती नापास मुलांना. बरोबर उत्तराला कधी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जिंकणाऱ्याला फूल कशाला, त्याच्याकडे मार्क असतात." सहावीतल्या माझ्या वहीत बाग झाली होती.

जानेवारी-फेब्रुवारीत माझा डाव फसला की फुलं यायची, मग बाई माझ्या पुढे असोत की मागे; डाव चांगला झाला की काही नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझा डाव उत्तम झाला, तरी बाईंनी मला हरवलं आणि फुलं आली. तीन दिवस तसंच. मग एकदा मी लवकरच आपटले, बाई त्याहून लवकर आपटल्या, आणि समोरून काहीच आलं नाही. पुढच्या दिवशी पुन्हा तिचा विजय आणि दोन फुलं. जिंकलेल्याने जिंकल्याची फुलं पाठवायची, हे आईच्या हातून जन्मात झालं नसतं.

मला कळलं होतं, दादा. २० मार्चला मला माहीत होतं की तो तू आहेस. दिवसभर मी लोकांच्या रक्तातली खोट शोधते, मला हे दिसणार नाही? आणि तरी मी तुला तो लेख पाठवला. बाई उदार झाल्यात म्हणून विनोद केला. आई बरी होत चाललीय असं लिहिलं, म्हणजे तू कबूल करणार नाहीस आणि मला यावं लागणार नाही.

का, ते सांगते. डिसेंबरात तू दुकानात होतास तेव्हा एका दुपारी तिने मला विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" अर्धा तास मी तिच्यासमोर पाहुण्यासारखी बसून होते. मग एकदम टिंगी म्हणाली आणि सगळं पूर्ववत झालं. तुला सांगितलं नाही. त्या अर्ध्या तासाला मी इतकी घाबरले की दोन दिवसांनी रजा शिल्लक असताना निघून आले. परीक्षा खरी होती, बाळंतपणंही खरी होती. पण रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही.

तू माझे महिने खाल्ले नाहीस. मी वाढून दिले.

आता रजा मागितली आणि एका सहीत मिळाली. रविवारी पोचते.

टिंगी


६ ऑक्टोबर

दादा,

चार दिवस राहिले आणि धड बोलले नाही. स्टेशनवर तू डबा हातात दिलास तेव्हाही तोंड फिरवलं. तुला वाटलं असेल, अजून राग आहे. राग नव्हता. मंगळवारची दुपार सांगायची होती आणि तोंडाने सांगता येत नव्हती.

तू दुकानात गेल्यावर मी आईजवळ खिडकीत बसले. ती तपासत होती. दोन दिवस मी फोटो दाखवले होते, पाटीवर टिंगी लिहिलं होतं, तिच्यासमोर लहानपणीसारखी उंबऱ्यावर बसून बघितलं होतं. ती हसून बघायची, तशी ती सगळ्यांकडेच बघते. मग मला सुचलं. एक कोरी वही घेतली, वीस गणितं घातली, निम्मी चुकवून सोडवली आणि तिच्यापुढे नेऊन ठेवली. हात मागे बांधून उभी राहिले.

आकडे तिला कळत नाहीत, तू सांगितलंच होतंस. तिने आकड्यांकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग लाल पेन्सिलीने समासात दोन फुलं काढली. वाकडी आली, पण पाकळ्या पाच-पाचच. म्हणाली, "चुकलं ना? असू दे. उद्या बस माझ्याजवळ."

मला वाटलं, सापडले मी तिला. खरंच वाटलं. मी खाली बसून तिचे गुडघे धरले.

तिने वही मिटली, पुठ्ठा उलटून पाहिला आणि म्हणाली, "वहीवर नाव घालत जा गं. नाहीतर मला कसं कळणार, कोणाची आहे ते."

मी नाव घातलं. टिंगी नाही, खरं, पूर्ण नाव. तिने बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. "छान नाव आहे," म्हणाली. "कोणी ठेवलं?"

मी म्हटलं, आईने. तिला ऐकू आलं नाही. मग नावाखाली लिहून दाखवलं, आईने. तिने मान डोलावली आणि वही माझ्या हातात दिली.

"आईला विचारलं म्हणून सांग," म्हणाली.

वही माझ्याजवळ आहे. बाकी तू विचारू नकोस, मी लिहिणार नाही.

टिंगी


२४ ऑक्टोबर

टिंगे,

पत्र दुकानात वाचलं आणि दुकान बंद केलं.

आई आहे तशी आहे. आता घास भरवावा लागतो. पायाच्या जखमा भरल्या. दाराला वरची कडी लावून घेतली आहे.

तिने तुझ्याजवळ दिलेला निरोप पोचवायचा राहून गेला असं सारखं वाटत होतं. काल तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाईंनी आईला विचारलंय." तिने वाचलं. म्हणाली, "बरी आहे म्हणावं." तेवढं तुला कळवतो.

दुसरं म्हणजे तो खेळ. मी तो काढून टाकायला घेतला होता. मग तुझी वहीची गोष्ट डोक्यातून जाईना. म्हणून काढला नाही. माझ्या फोनवर घेतला आणि "बाई" पुसून तिथे माझं नाव घातलं. दिवसाला एकच डाव, पाचचा. तेवढ्यापुरती आई माझ्या शेजारी बसलेली असते आणि तिचा हात माझ्या मांडीवर असतो, म्हणजे ती उठली तर कळतं.

आज पहिला डाव खेळलो. मोठा आकडा कोपऱ्यातून हलवला आणि सगळं अडकलं. एकशे अठ्ठावीसवर संपलं. फुलं मिळावीत इतका वाईट मी कधी हरलो नव्हतो.

पाच वाजून वीस मिनिटं झालीत. तू बाकावर असशील. बघ.

दादा